‘सेवा दिली गेली आहे’ : विमान कंपन्यांना एका आईचं खुलं पत्र

प्रति,
सर्व विमान कंपन्यांचे प्रवासी-सेवा प्रमुख
आणि हवाई वाहतुकीचे नियम ठरवणारे अधिकारी

स. न. वि. वि.

माझ्या मुलीला एकटीला विमानाने सांभाळून नेण्यासाठी घेतलेलं शुल्क मी परत मागितलं होतं. गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी त्या कंपनीचं उत्तर मला आलं. पत्र चार ओळींचं. ‘आपल्या पाल्याचा प्रवास सुखरूप पार पडला याचा आम्हाला आनंद आहे. सेवाशुल्क परत करण्याची आपली विनंती मान्य करता येत नाही, कारण सेवा दिली गेली आहे.’ खाली माणसाची सही नव्हती, विभागाचं नाव होतं.

त्या कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. घेतलं तर बाकीचे सगळे म्हणतील, आमच्याकडे असं होत नाही. पण गेल्या दोन महिन्यांत मी बऱ्याच कंपन्यांचे एकट्या मुलांच्या प्रवासाचे नियम वाचून काढले. होऊ शकतं. म्हणून हे पत्र सगळ्यांना.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिचे बाबा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असतात. सुट्टी लागली की ती त्यांच्याकडे जाते आणि शाळा सुरू व्हायच्या आत परत येते. दोन वेळा मी स्वतः तिला सोडून त्याच दिवशी उलट पावली परतले. तिसऱ्या वेळी रजा मिळाली नाही. ‘एवढ्याशा पोरीला एकटीला पाठवलंच कशाला?’ हा प्रश्न मला माझ्या सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला आहे, तेव्हा तुम्ही तरी तो विचारू नका. पाच वर्षांवरच्या मुलाला आम्ही एकटं नेऊ, त्याची काळजी घेऊ, असं तुम्ही सांगता आणि त्याचे वेगळे पैसे घेता. मी ते भरले.

भरणंही सोपं नव्हतं. तुमच्या संकेतस्थळावर मुलीची जन्मतारीख टाकली की ‘सोबतचा प्रौढ प्रवासी निवडा’ एवढंच येतं आणि गाडी तिथेच अडते. मग फोन. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर कळलं की तिकिटावर ‘यूएमएनआर’, म्हणजे एकटं प्रवास करणारं मूल, अशी चार अक्षरं चढावी लागतात. तिकीट निघालं म्हणजे ती विनंती मंजूर झाली असं नसतं, ती वेगळी मंजूर व्हावी लागते. तिकीट दुसऱ्याच संकेतस्थळावरून काढलं असेल किंवा विमान प्रत्यक्षात भागीदार कंपनी उडवणार असेल, तर ती चार अक्षरं वाटेत कुठे गळून पडतील सांगता येत नाही. (या कटकटीला कंटाळून मुलाचं वय बारा सांगणारे पालक मला माहीत आहेत. त्यांना माझं सांगणं, असं करू नका. त्या एका खोट्याने मूल तुमच्याच हाताने यादीतून पुसलं जातं.)

मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. थेट विमान घेतलं, मध्ये बदल नाही. दिवसाचं घेतलं, रात्रीचं शेवटचं नाही, कारण शेवटचं रद्द झालं तर मूल रात्रभर अडकतं. फॉर्म भरला. सोडणारी कोण, घेणारा कोण, नावं, पत्ते, फोन, ओळखपत्रांचे क्रमांक. तिच्या गळ्यात कागदपत्रांची पिशवी अडकवली गेली. एका ताईने तिचा हात धरला, मी सही केली आणि त्या दोघीजणी सुरक्षा तपासणीच्या रांगेत दिसेनाशा झाल्या. ‘विमान उडेपर्यंत विमानतळ सोडू नका’ असं फॉर्मवर लिहिलं होतं. मी उडाल्यावरही वीस मिनिटं थांबले.

विमान ४ वाजून ५ मिनिटांनी उडालं. ६ वाजून १० मिनिटांनी उतरायचं होतं. तिकडे वादळी पाऊस सुरू झाला. विमानं कुठे आहेत ते दाखवणारं एक ॲप माझ्या फोनवर आहे. त्यात ते चिमुकलं पिवळं विमान दोन घिरट्या घालून भलतीकडेच वळताना मी पाहिलं. ७ वाजून ५ मिनिटांनी ते एका तिसऱ्याच शहरात उतरलं. वैमानिकाने योग्य तेच केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही आणि कधी असणारही नाही. हवामानासमोर कुणाचं काही चालत नाही, एवढं आम्हालाही कळतं.

तक्रार तिथून पुढची आहे.

तिचे बाबा आगमन कक्षात ओळखपत्र हातात धरून उभे होते. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, आम्ही कंत्राटदाराची माणसं, विमान इथे आलंच नाही तर आमच्याकडे त्याची माहिती कशी असेल? मी ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी तिकीट क्रमांक घेतला, नाव विचारलं आणि अगदी नम्रपणे सांगितलं की गोपनीयतेच्या नियमामुळे प्रवाशाची माहिती इतरांना देता येत नाही, कृपया प्रवाशालाच फोनवर द्या.

प्रवासी सात वर्षांची आहे, मी म्हटलं. ती तुमच्याकडे आहे.

त्या थोडं थांबल्या आणि परत तेच वाक्य म्हणाल्या. त्यांच्या पडद्यावर बहुधा तेवढंच लिहिलेलं होतं.

९ वाजून ४० मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. ‘आई, मी बोलतेय. आम्ही दुसरीकडेच उतरलोय.’ शेजारच्या आसनावरच्या आजींनी त्यांचा फोन तिला दिला होता. माझा नंबर तिला पाठ होता म्हणून. तुमच्या फॉर्मवर तो दोनदा लिहिलेला आहे, पण त्या रात्री तो वापरला फक्त तिने आणि त्या आजींनी. साडेतीन तास माझी मुलगी कुणाजवळ आहे हे तिच्या आईला किंवा बापाला सांगणारं तुमच्याकडे कुणीही नव्हतं. विमान कुठे आहे ते मात्र मला मिनिटामिनिटाला कळत होतं.

पुढचं आम्हाला नंतर तिच्याकडून कळलं. विमान तीन तास धावपट्टीच्या कडेला उभं होतं. मग कर्मचाऱ्यांच्या ड्युटीची मर्यादा संपली. तो नियम योग्य आहे, थकलेल्या माणसांनी विमान उडवू नये. पण त्यामुळे त्या संध्याकाळी तिला ओळखीचा झालेला एकमेव चेहरा, ज्या ताईने तिला खिडकीजवळ बसवलं होतं ती, उतरून निघून गेली. त्या विमानतळावर तुमच्या कंपनीचं कार्यालय नव्हतं. मुलीला आधी एका गृहस्थांकडे दिलं, त्यांनी एका तरुण मुलीकडे. त्या मुलीने सगळी रात्र तिच्याजवळ बसून काढली, स्वतःची शाल तिच्या अंगावर घातली, कागदावर मांजरं काढून दिली. ती कुणाची नोकर होती मला अजून माहीत नाही. तिचे आभार मानायचे म्हणून मी नाव मागितलं, तर तेही गोपनीय निघालं. माझ्या मुलीच्या बाबांना कंपनीचा पहिला फोन ११ वाजून २० मिनिटांनी आला, मला आलाच नाही. पहाटे ५ वाजून १५ मिनिटांनी मुलगी त्यांच्या हाती पडली. त्यांची सही घेतली गेली. सेवा दिली गेली.

आता मुद्द्यांवर येते.

पहिला मुद्दा तुमच्या फॉर्मचा. तो मी नंतर शांतपणे वाचला, सोडताना कुठलं वाचणं होतं! त्यात पालकाने लिहून दिलेलं असतं की उतरण्याच्या ठिकाणी मुलाला घ्यायला कुणी आलं नाही, तर कंपनीला योग्य वाटेल ते करता येईल, अगदी मूळ विमानतळावर परतही पाठवता येईल, आणि त्याचा खर्च पालक देईल. हा मजकूर थोड्याफार फरकाने बहुतेकांच्या फॉर्ममध्ये सापडतो. म्हणजे पालक आले नाहीत तर काय करायचं, हे तुम्ही नीट विचार करून ठेवलं आहे. विमानच आलं नाही तर काय, याची एक ओळ नाही. मूल चुकीच्या शहरात असेल तेव्हा त्याच्याजवळ कोण बसेल, किती वेळात आईबापाला कळवलं जाईल, रात्र काढावी लागली तर कुठे, मूल कुणाच्या सहीने कुणाच्या ताब्यात जाईल, काही नाही. उलट काही कंपन्यांच्या अटींत असंही आहे की प्रौढ प्रवाशाबाबत असते त्यापेक्षा जास्त जबाबदारी आमच्यावर येणार नाही. मग जास्तीचे पैसे कशाचे?

दुसरा, बॅगेचा. तुमच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, आयाटाचा, ७५३ क्रमांकाचा ठराव जून २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार प्रत्येक बॅगेची चार ठिकाणी नोंद व्हायला हवी: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, एका विमानातून दुसरीकडे देताना आणि प्रवाशाला परत करताना. ठराव चांगला आहे. त्या रात्री माझ्या मुलीची निळी बॅग कुठे आहे हे तुमच्या यंत्रणेला सांगता आलं असतं. मुलगी मात्र तीन प्रती असलेल्या एका कागदावर होती, आणि तो कागद तिच्याच गळ्यात होता. बॅगेला जमतं ते मुलाला जमत नाही असं नाही. बॅगेला लावतात ती पट्टी तीच, ती वाचणारं यंत्र तेच, फक्त नोंद झाली की पालकाच्या फोनवर एक संदेश जायला हवा.

तिसरा, माणसांचा. लोकांना वाटतं, विमानात एवढ्या ताई-दादा असतात, बघतील की. पण केबिन कर्मचारी सर्वसाधारणपणे दर ५० आसनांमागे किमान एक, या हिशेबाने असतात. १८० आसनांच्या विमानात चार. त्यांचं पहिलं काम सगळ्यांची सुरक्षा. संकटात विमान रिकामं करायचं झालं तर ती चार माणसं दारांजवळ असणार, माझ्या मुलीशेजारी नाही, आणि ते तसंच असायला हवं. म्हणून त्यांच्यावर माझा राग नाही. पण मग आकाशात आणि जमिनीवर मिळून तिच्यासाठी उत्तर देणारं एक माणूस कोण? काउंटरवरून गेटवर, गेटवरून विमानात, विमानातून तिकडच्या माणसांकडे, त्यात निम्मे कंत्राटी. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर ही हातांची साखळी टिकते. एक कडी निसटली की पुढची कडी कुठली, हे कुणालाच ठाऊक नसतं.

वयाबद्दल थोडं. बारा पूर्ण झाली की बऱ्याच कंपन्यांत ही सेवा सक्तीची राहत नाही, मूल एकदम मोठं होतं. पण विमान रद्द झालं आणि रात्र काढायची वेळ आली की त्याच तेरा वर्षांच्या ‘मोठ्या’ प्रवाशाला हॉटेलवाले खोली देत नाहीत, तो अल्पवयीन असतो. तो तुमच्याकडे मोठा, त्यांच्याकडे लहान, आणि बाकावर बसलेला.

नियम करणाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नवव्या परिशिष्टात पाच वर्षांखालच्या मुलाला एकटं नेऊ नये, आणि एकट्या मुलांसाठी कंपन्यांनी रीतसर व्यवस्था ठेवावी, असं म्हटलेलं आहे. व्यवस्था कशी, ते कंपनीवर. अमेरिकेचा परिवहन विभाग पालकांना सूचना देतो, पण अटी आणि शुल्क कंपन्याच ठरवतात. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीत मात्र एक कलम आहे, ११ वं. विमान रद्द झालं, प्रवेश नाकारला किंवा उशीर झाला, तर उशीर कितीही असो, एकट्या मुलांची देखभाल शक्य तितक्या लवकर सुरू झाली पाहिजे. मोठ्यांना त्यासाठी ठरावीक तास थांबावं लागतं, मुलांना नाही. हे कलम मी वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. कुठेतरी कुणीतरी टेबलाशी बसून एवढा तरी विचार केला होता. पण त्यातही पालकाला कळवण्याची मुदत नाही. तुम्ही ती घालू शकता. मुलाबाबतच्या प्रत्येक निर्णयात त्याचं हित आधी बघायचं, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं तिसरं कलम सांगतं, आणि तिच्यावर तुमच्या जवळजवळ सगळ्या सरकारांच्या सह्या आहेत.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

विमान वळवलं, रद्द झालं किंवा तासाभराहून जास्त रखडलं, तर तीस मिनिटांच्या आत सोडणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही पालकांना फोन जावा. नुसता संदेश चालणार नाही, बोलणारं माणूस हवं, आणि त्याने मुलाजवळ कोण आहे त्याचं नाव सांगावं.

मूल एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की त्याची नोंद लगेच पालकाला दिसावी.

एकट्या मुलांच्या पालकांसाठी दिवसरात्र चालणारा वेगळा क्रमांक असावा. तिथल्या माणसाला फॉर्म समोर दिसला पाहिजे आणि फॉर्मवरच्या पालकाला गोपनीयतेचं कारण सांगण्याची मुभा त्याला नसावी.

ज्या विमानतळांवर तुमचं विमान वळवलं जाऊ शकतं, तिथे मुलाला ताब्यात घेणारं ठरलेलं माणूस असावं. असे विमानतळ उड्डाणाआधीच ठरलेले असतात. इंधनाचा हिशेब त्यांना धरूनच होतो, तर त्याच कागदावर मुलासाठी एक नावही लिहा.

आणि फॉर्ममध्ये तुमच्याही बाजूची जबाबदारी लिहा. ती पाळली नाही तर निदान शुल्क तरी न मागता परत करा. मी परतावा मागितला तो पैशांसाठी नव्हता, हे कदाचित त्या विभागाला कळलं नसेल.

एक गोष्ट मात्र करू नका. असल्या पत्रांना कंटाळून ही सेवाच बंद करू नका. २०१६ मध्ये ब्रिटिश एअरवेजने ती बंद केली, स्वस्त दरातल्या काही कंपन्यांनी तर ती कधी सुरूच केली नाही. हिशेबाच्या दृष्टीने ते सोपं आहे, समजतं. पण ज्या घरांत आई एकीकडे आणि बाबा दुसरीकडे आहेत ती घरं त्यामुळे एकत्र येत नाहीत. मुलाचं भेटणं तेवढं कमी होतं.

हे पत्र मी मुलीला वाचून दाखवलं. सगळं तिला कळलं नाही, पण मागण्यांपाशी ती म्हणाली, माझी पण एक लिही. बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायचं असं आहे, म्हणून तिच्याच शब्दांत देते: ‘विमान दुसरीकडे गेलं तर मला पण सांगा. सगळ्या मोठ्यांना माइकवर सांगितलं, पण मला ते इंग्रजी कळलं नाही. मला वाटलं बाबा न्यायला आलेच नाहीत.’

पुढची सुट्टी सात आठवड्यांवर आली आहे. तिकीट अजून काढलेलं नाही. उत्तराची वाट पाहते आहे. या वेळी खाली कुणाचं तरी नाव असू द्या.

आपली नम्र,
एका सात वर्षांच्या प्रवाशाची आई